जिभेची स्वच्छता : आरोग्यशिक्षणाचा एक पाठ
(इयत्ता तिसरी व चौथीच्या शिक्षकांसाठी)

प्रार्थनेनंतर स्वच्छतेची पाहणी करण्याचा प्रघात आपल्या प्राथमिक शाळांतून फार जुना आहे. नखे, केस, कान, कपडे व दात इतक्या गोष्टी शिक्षक पाहतात आणि मुलेही त्या पाहणीस सरावलेली असतात. या यादीत जिभेचा समावेश मात्र क्वचितच होतो. दात पांढरे दिसले की तोंड स्वच्छ आहे असे आपण समजतो. वस्तुतः दात ही तोंडाची एक बाजू झाली. तोंडातील सूक्ष्मजंतूंचा फार मोठा साठा जिभेच्या पाठीवर, त्यातही तिच्या मागील भागावर असतो. दात घासून जीभ तशीच ठेवणे म्हणजे घर झाडून केर उंबरठ्याच्या आत ठेवण्यासारखे आहे.

हा विषय शिकविण्याचे आणखी एक कारण आहे. ज्या मुलाच्या तोंडास वास येतो त्याच्याजवळ बसावयास इतर मुले नाखूष असतात. ती नाक मुरडतात व कधी नावे ठेवतात. असे मूल हळूहळू बोलेनासे होते, उत्तर येत असूनही हात वर करीत नाही, वाचनाची पाळी आली की तोंडावर हात धरते. ज्या गोष्टीचा उपाय सकाळच्या अर्ध्या मिनिटात होऊ शकतो, तिच्यापायी एखादे मूल वर्गात एकटे पडावे ही शोचनीय गोष्ट आहे. म्हणून हा पाठ केवळ आरोग्याचा नाही, वर्गातील वागणुकीचाही आहे, हे शिक्षक बंधुभगिनींनी प्रारंभीच ध्यानात घ्यावे.

१. शिक्षकांस आवश्यक माहिती

जीभ हा मुख्यतः स्नायूंचा बनलेला अवयव आहे. तीत हाड नाही. आरशासमोर जीभ बाहेर काढून पाहिल्यास तिची पाठ गुळगुळीत नसून मखमलीसारखी किंवा टॉवेलासारखी खरबरीत दिसते. हा खरबरीतपणा असंख्य बारीक उंचवट्यांमुळे येतो. त्यांस जिव्हांकुर म्हणतात. त्यांचे प्रकार चार आहेत. सर्वांत अधिक संख्येने असणारे अंकुर धाग्यासारखे टोकदार असून त्यांत रुची कळण्याची सोय नसते; घास धरून ठेवणे व फिरविणे यासाठी ते उपयोगी पडतात. त्यांच्यामध्ये अधूनमधून छत्रीच्या आकाराचे तांबूस ठिपके दिसतात. जिभेच्या कडांवर घड्यांसारखे व मागील बाजूस इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात मांडलेले मोठे गोल अंकुर असतात. या तीन प्रकारांत रुचिकलिका असतात आणि त्यांच्यामुळे आपणांस चव कळते.

धाग्यासारख्या अंकुरांच्या मधल्या फटींत अन्नाचे सूक्ष्म कण, तोंडातील त्वचेच्या झडलेल्या मृत पेशी, लाळेतील द्रव्ये व सूक्ष्मजंतू साठतात. या सर्वांचा मिळून जो पांढुरका किंवा पिवळसर लेप दिसतो तोच जिभेवरील थर होय. यातील काही जंतूंना हवा नको असते. थराच्या खालच्या बाजूस, हवेपासून दूर, ते सुखाने वाढतात आणि प्रथिनांचे विघटन करतात. त्या विघटनातून गंधकयुक्त वायू निर्माण होतात. हायड्रोजन सल्फाइड हा त्यांपैकी एक. कुजलेल्या अंड्याचा वास येतो तो याच वायूमुळे. तोंडाच्या दुर्गंधीचे मूळ बहुधा पोटात नसून तोंडातच असते आणि तेथे जिभेचा मागील भाग हे तिचे प्रमुख स्थान असते.

दिवसा आपण बोलतो, चावतो, पाणी पितो व लाळ वाहत राहते. त्यामुळे तोंड आपोआप धुतले जाते. झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणूनच सकाळी उठल्यावर थर अधिक जाड व वास अधिक उग्र असतो. जे मूल तोंड उघडे ठेवून झोपते त्याचे तोंड कोरडे पडून हा त्रास आणखी वाढतो.

तोंडातील जंतू प्रथम पाहणारा मनुष्य म्हणून हॉलंडमधील आन्तोनी व्हान लेव्हेनहूक याचे नाव मुलांस सांगण्यासारखे आहे. तो कापडाचा व्यापारी होता. स्वतः घडविलेल्या भिंगाखाली त्याने दातांवरील मळ पाहिला आणि त्यात हालचाल करणारे अतिसूक्ष्म जीव असल्याचे १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. जे डोळ्यांस दिसत नाही तेही असू शकते, ही गोष्ट या एका उदाहरणाने मुलांच्या मनात चांगली ठसते.

२. आपली जुनी परंपरा

जीभ घासणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येचे वर्णन करताना दंतधावनानंतर जिव्हानिर्लेखन, म्हणजे जीभ खरवडणे, सांगितले आहे. सोने, रुपे, तांबे, कथील व पितळ या धातूंच्या पट्ट्या वापराव्यात, त्या धारदार नसाव्यात व वाकविलेल्या असाव्यात, असे तेथे म्हटले आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात धातूबरोबर लाकडाच्या पट्टीचाही उल्लेख असून ती मऊ, गुळगुळीत व दहा अंगुळे लांब असावी असे सांगितले आहे. धार नसावी, पृष्ठभाग गुळगुळीत असावा, ही त्या काळी घातलेली अट आजही तंतोतंत लागू पडते.

खेड्यांतून कडुनिंबाची, बाभळीची किंवा करंजाची काडी चावून दात घासावयाचे, नंतर तीच काडी उभी चिरून तिच्या चिरफळीने जीभ घासावयाची व काडी टाकून द्यावयाची, अशी रीत पुष्कळ ठिकाणी होती व काही घरांत अद्यापि आहे. या रीतीत साधन रोज नवे मिळते, हा तिचा गुण. मात्र चिरफळीच्या कडेस कुसळ राहिल्यास जीभ दुखावते. म्हणून लहान मुलांनी ती वापरू नये.

परंपरेचा गौरव करताना अतिशयोक्ती टाळावी. जीभ घासल्याने पचन सुधारते, बुद्धी वाढते किंवा बोबडे बोलणे जाते, असे मुलांस सांगू नये. जीभ घासल्याने थर व दुर्गंधी कमी होते, एवढे निश्चित. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात ब्रशापेक्षा पट्टीने दुर्गंधीचे वायू थोडे अधिक कमी होतात असे आढळले. परंतु तो आढावा चाळीस माणसांवरील दोनच प्रयोगांवर आधारलेला होता आणि तो परिणाम फार काळ टिकत नाही असेही त्यात दिसले. यातून आपण घ्यावयाचा बोध सरळ आहे : जीभ एकदा घासून भागत नाही, ती रोज घासावी लागते. तसेच जीभ घासणे हे दात घासण्याची जागा घेऊ शकत नाही. दातांची कीड थांबविण्यासाठी दिवसातून दोन वेळा फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे व गोड, चिकट पदार्थ वारंवार न खाणे हेच मुख्य उपाय होत.

३. साधन व कृती

साधन : पोलादाची, तांब्याची किंवा प्लॅस्टिकची, कमानीसारखी वाकविलेली व बोथट कडेची पट्टी. ती नसल्यास मऊ केसांचा दात घासण्याचा ब्रशही चालतो. सहा वर्षांच्या आतील मुलांची जीभ आईने किंवा वडिलांनी ओल्या, स्वच्छ, मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसावी.

कृती : (अ) प्रथम दात घासून चूळ भरावी. (आ) आरशासमोर उभे राहून जीभ शक्य तितकी बाहेर काढावी व नाकाने सावकाश श्वास घ्यावा. (इ) ओकारी येणार नाही इतपत मागे पट्टी टेकवावी. (ई) हलका दाब देऊन पट्टी मागून पुढे, टोकापर्यंत ओढावी. पुढून मागे कधीही ढकलू नये. (उ) पट्टीवर आलेला थर पाण्याने धुवावा. (ऊ) हीच कृती तीन-चार वेळा करून खळखळून चूळ भरावी. (ए) पट्टी धुऊन कोरडी होईल अशा ठिकाणी टांगावी.

दक्षता : जोर लावल्याने जीभ अधिक स्वच्छ होत नाही, उलट अंकुर दुखावतात. रक्त येता कामा नये. सकाळी घशात बोटे घालून मोठ्याने खाकरण्याची व ओकाऱ्या काढण्याची सवय काही घरांत दिसते. तिचा काही उपयोग नाही व तिने घसा दुखावतो. प्रत्येकाची पट्टी वेगळी असावी. घरात एकच पट्टी असून ती सर्वांनी वापरणे म्हणजे एकाच्या तोंडातील जंतू दुसऱ्याच्या तोंडात नेणे होय. तांब्याच्या पट्टीवर हिरवट कळंक चढल्यास ती चिंच व मीठ लावून घासावी व स्वच्छ धुवावी. जिभेवर फोड किंवा जखम असल्यास ती बरी होईपर्यंत पट्टी फिरवू नये.

४. पाठाची मांडणी

उद्देश : जिभेवर थर का साठतो हे मुलांस कळावे, जीभ घासण्याची योग्य रीत यावी, दुसऱ्याच्या तोंडाच्या वासाची चेष्टा करू नये ही वृत्ती बनावी.

साहित्य : एक पाटी, जुन्या टॉवेलाचा तुकडा, खडूची भुकटी, एक फुलपात्र पाणी, पसरट भांडे, लहान आरसे, न वापरलेली एक पट्टी.

प्रस्तावना : पुढील प्रश्न विचारावेत. आज सकाळी उठल्यावर तुम्ही प्रथम काय केले? दात कशाने घासले? दात घासल्यावर आणखी काय केले? जीभ घासली असे किती जण म्हणतात? दात घासले तर जीभ का घासावी? शेवटच्या प्रश्नास मुले निरनिराळी उत्तरे देतील. ती सर्व ऐकून घ्यावीत व कोणतेही चूक म्हणून लगेच टाकू नये. “आज आपण याच प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने शोधणार आहोत,” असे सांगून हेतुकथन करावे.

प्रयोग : पाटीवर व टॉवेलाच्या तुकड्यावर चिमूटचिमूट खडूची भुकटी पसरावी. दोन्ही वस्तू भांड्यावर तिरप्या धरून एका मुलाकरवी दोहोंवर सारखेच पाणी ओतवावे. पाटी बरीच स्वच्छ होते. टॉवेलाच्या धाग्यांत भुकटी अडकून राहते. आता टॉवेलावरून पट्टी एका दिशेने ओढावी. भुकटी पट्टीच्या कडेस गोळा झालेली सर्वांस दिसेल. मग विचारावे : तोंडात पाटीसारखे गुळगुळीत काय आहे? टॉवेलासारखे खरबरीत काय आहे? नुसती चूळ भरून टॉवेल स्वच्छ झाला का? मुलांनी आरशात आपापली जीभ पाहावी व ती कशासारखी दिसते ते सांगावे. निष्कर्ष मुलांकडूनच वदवून घ्यावा.

यानंतर शिक्षकाने कृतीचे टप्पे हावभावाने दाखवावेत. वर्गात प्रत्यक्ष जीभ घासून दाखविण्याची आवश्यकता नाही. एकच पट्टी मुलांच्या तोंडात फिरविणे तर कटाक्षाने टाळावे.

फलकलेखन : जीभ खरबरीत असते. फटींत थर साठतो. थरात जंतू वाढतात. जंतूंमुळे वास येतो. उपाय : दात घासणे, जीभ घासणे, चूळ भरणे. पट्टी मागून पुढे. दाब हलका. प्रत्येकाची पट्टी वेगळी.

दृढीकरणाचे प्रश्न : सकाळी तोंडास अधिक वास का येतो? पट्टीची कड बोथट का असावी? भावाची पट्टी आपण का वापरू नये? जीभ घासली म्हणजे दात घासावयास नकोत, हे म्हणणे बरोबर आहे काय?

५. इतर विषयांशी समवाय

भाषा : त, थ, द, ध, न म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांस लागते, म्हणून ते दंत्य वर्ण. ट, ठ, ड, ढ, ण म्हणताना टोक वर वळून टाळूस लागते, ते मूर्धन्य. प, फ, ब, भ, म ओठांनी होतात. मुलांनी जीभ तळाशी निश्चल ठेवून आधी ‘पाप’ व नंतर ‘ताट’ म्हणून पाहावे. वर्णमालेची मांडणी जिभेच्या हालचालींस धरून आहे, हे त्यांस आनंदाने कळेल. जिभेचे चोचले पुरविणे, जीभ चावणे, जिभेला हाड नसणे, या वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करवून घ्यावा.

विज्ञान : आपण गोड, आंबट, खारट, तिखट, कडू व तुरट असे सहा रस मानतो. आधुनिक शास्त्र गोड, आंबट, खारट व कडू या चार रुचींस पाचवी ‘उमामी’ जोडते. ती जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनी १९०८ साली दाखविली. तिखटपणा ही दाहाची व तुरटपणा ही मुख्यतः स्पर्शाची संवेदना समजली जाते. जिभेच्या टोकास फक्त गोड व मागे फक्त कडू कळते असे दाखविणारा नकाशा जुन्या पुस्तकांत व तक्त्यांत आढळतो. तो चुकीचा आहे. सर्व रुची जिभेच्या सर्व रुचिग्राही भागांस कळतात. शाळेत असा तक्ता असल्यास तो उतरवून ठेवावा. किंवा टोकावर मीठ व लिंबाचा रस यांचा थेंब ठेवून मुलांकडूनच तो खोटा ठरवावा.

गणित : चूळ भरण्यास एक फुलपात्र, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर पाणी धरल्यास ३० मुलांस किती लिटर लागेल? उत्तर ६ लिटर. टंचाईच्या गावातही हे पाणी जड नाही. शालेय पोषण आहारानंतर हात धुण्याबरोबर चूळ भरण्याचीही शिस्त लावावी.

६. पाहणी कशी करावी

पाहणी करताना मुलाची मानखंडना होणार नाही याची काळजी घेणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य आहे. सर्वांदेखत “तुझ्या तोंडाला घाण येते” असे म्हणणे, मुलास वेगळे बसविणे किंवा इतर मुलांकरवी वास घेवविणे, हे प्रकार सर्वस्वी वर्ज्य समजावेत. अशा वागणुकीने मूल स्वच्छ होत नाही. ते शाळेस येण्याचे टाळते.

शिवाय वास हा नेहमी आळसाचाच परिणाम नसतो. किडलेला दात, सुजलेल्या हिरड्या, वाढलेल्या गलग्रंथी, चोंदलेले नाक, ही कारणे असू शकतात. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येत असेल तर आत मणी, खडू किंवा बी अडकले असण्याचा संभव असतो. अशा वेळी स्वतः काढण्याचा प्रयत्न न करता डॉक्टरांकडे पाठवावे. आणि एक कारण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. सकाळपासून काहीच न खाता आलेल्या मुलाच्या तोंडास वास येतो, कारण घास चावला गेलेला नसतो व लाळ पुरेशी सुटलेली नसते. त्या मुलास उपदेशापेक्षा भाकरीची गरज असते. म्हणून एखाद्या मुलाच्या तोंडास रोज वास येत असल्यास त्याला एकट्याला, मायेने, पहिला प्रश्न विचारावा तो हा की, “बाळ, सकाळी काही खाल्लेस का?”

जिभेकडे पाहून काही गोष्टींची शंका घेता येते. निदान मात्र डॉक्टरांनीच करावयाचे असते. जीभ फार फिकट दिसल्यास रक्तक्षय असू शकतो. ती लाल व गुळगुळीत झाल्यास लोह किंवा ब जीवनसत्त्वे यांची उणीव असू शकते. दह्यासारखे पांढरे ठिपके बुरशीमुळे येतात. जिभेवर नकाशासारखे आकार उमटून ते जागा बदलतात, त्याची भीती नाही. दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम अवश्य दाखवावी. २०१३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा अशा मुलांची नावे आधी काढून ठेवावीत.

७. पालकांशी बोलताना

पालकसभेत या विषयास दहा मिनिटे द्यावीत. मशेरीविषयी तेथे स्पष्ट बोलावे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात स्वच्छ करते असा समज अनेक घरांत आहे व आईचे पाहून मुलीही ती लावू लागतात. मशेरी म्हणजे तंबाखूच. तिने व्यसन लागते व तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ साली मनाई केली ती याच कारणासाठी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी सुपारी व तंबाखूच्या पुड्या मुलांच्या हाती पडतात. सुपारीच्या सवयीने तोंडाच्या आतील त्वचा ताठर होते, तोंड पुरेसे उघडत नाही आणि जीभ बाहेर काढता येत नाही. ज्या मुलास आरशासमोर जीभ नीट बाहेर काढता येत नाही किंवा तिखट अजिबात सोसत नाही, त्याच्याविषयी ही शंका मनात ठेवून पालकांस दवाखान्यात जाण्यास सांगावे.

बोलताना आयांचा दोष काढू नये. त्या स्वतः लहानपणी जे शिकल्या तेच करीत असतात. मुलांनी शाळेत शिकलेली रीत घरी दाखविली की तिचा प्रसार आपोआप होतो, हा आरोग्यशिक्षणातील नेहमीचा अनुभव आहे.

स्वाध्याय

१. सात दिवसांचा तक्ता आखून ‘दात सकाळी’, ‘दात रात्री’, ‘जीभ’ अशा तीन रकान्यांत रोज खूण करा.
२. घरातील आजी-आजोबांस विचारा : ते लहानपणी दात व जीभ कशाने घासत? पाच ओळी लिहा.
३. जिभेचे चित्र काढून थर कोठे अधिक साठतो ते रंगाने दाखवा.
४. कारणे लिहा : (अ) झोपेतून उठल्यावर जीभ घासावी. (आ) पट्टी मागून पुढे ओढावी. (इ) कोणाच्याही तोंडाच्या वासाची चेष्टा करू नये.

शिक्षकांनी सात दिवसांनंतर तक्ते पाहावेत. ज्यांच्या तक्त्यात रकाने रिकामे राहिले असतील त्यांस रागावू नये. घरी पट्टी आहे का, पेस्ट आहे का, पाणी वेळेवर मिळते का, याची चौकशी करावी आणि जे उणे असेल ते शाळेकडून किंवा गावाकडून पुरविता येते का ते पाहावे. चांगली सवय लागण्यास उपदेश थोडा व सोय अधिक लागते.